प्रभू मास्तर आणि सड्यावरचा धूर

प्रभू मास्तरांना चांदण्या दिसत नसत. हे आधी सांगितलेलं बरं. पंचक्रोशीत त्यांना 'आभाळाचो मास्तर' म्हणत, त्यामुळे नव्या माणसाला वाटे की हा गृहस्थ घरी दुर्बीण लावून बसत असेल. कसली दुर्बीण आणि कसलं काय. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. पहिल्या बाकावरचा मुलगाही ते आवाजावरून ओळखत. आकाशातला एक चंद्र तेवढा त्यांच्या वाट्याला आला होता, तोही तव्यावर पसरलेल्या घावनासारखा. बाकीचं आकाश त्यांनी वाचून पाठ केलेलं.

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायची. मूळची सावंतवाडीची आणि तोंडाची फटकळ. तेव्हाही होते, आजही आहे, आता सुधारायचं वयही राहिलं नाही. मास्तर वालावलचे, लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळ वाढलेले. आमची शाळा मिठबावच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथल्या एका गावात. म्हणजे आम्ही दोघंही समुद्राच्या दारात राहून समुद्राला परकेच. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मास्तर मालवणी मुलखातले, पण त्यांच्या तोंडून मालवणीचा एक शब्द कधी ऐकला नाही. दारावर आलेल्या मासेवालीला ते विचारायचे, "हे बांगडे आजचे आहेत का?" ती पदर तोंडाला लावून हसायची. मी एकदा म्हटलं, "अहो मास्तर, तिच्याशी तरी सरळ बोला." तर म्हणाले, "मालवणी घरची भाषा. मी इथे कामाला आलोय." झालं, विषय संपला. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा, मग उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत. आणि उत्तर येत नसेल तर वर्गासमोर खुशाल "ठाऊक नाही" म्हणायचे. आमच्या हेडमास्तरांना ह्याचा फार राग यायचा. मास्तराने 'ठाऊक नाही' म्हटलं तर फी कशाची घ्यायची, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं लाडकं वाक्य एकच. "रिकामं काही नसतं." पाण्याचा हंडा रिकामा आहे म्हणा, एसटी रिकामी गेली म्हणा, हे वाक्य आलंच. शिक्षकांच्या खोलीत एक बॅटरीवरचा रेडिओ होता. आम्हाला गाणी हवी असायची, आणि हे काटा दोन स्टेशनांच्या मधोमध नेऊन ठेवायचे, जिथे नुसती खरखर. डोळे मिटून ऐकत बसायचे.

"बाई, ह्यातली चिमूटभर खरखर आकाशगंगेतून येते."

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची बॅटरी उतरल्याची."

त्यांचा एक मित्र मुंबईहून बोटीने विलायती मासिकं पाठवायचा, चांगली जुनी झाल्यावर. त्यात मास्तरांनी वाचलं होतं की आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या दीर्घिका लांबवर पसरल्या आहेत, आणि त्यांतल्या काही रेडिओच्या लाटा अशा ओकतात की डोळ्यांना जिथे काळोख, तिथे रेडिओच्या यंत्राला केवढा तरी पसारा दिसतो. मला हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. "म्हणजे बघा बाई, त्या आकाशात तुम्ही आणि मी सारखेच आंधळे." एवढा आनंद झालेला माणूस मी लग्नाच्या मांडवातही पाहिला नाही.

वर्गात ही दीर्घिका ते फळ्यावर मुलीच्या डोक्यासारखी काढायचे. मधे गोल डोकं आणि दोन्ही अंगांना ताठ निघालेल्या दोन वेण्या. वेण्या म्हणजे रेडिओचे झोत. मुलं फिदीफिदी हसायची आणि शेवंतीकडे बघायची, कारण लाल फितींच्या तसल्याच ताठ वेण्या तिच्या असत.

ही शेवंती भिवा तांडेलाची थोरली. भिवा तांडेल म्हणजे किनाऱ्यावरच्या वाडीतल्या मोठ्या होडीचा म्होरक्या, उंच, कमी बोलणारा. वाडीतली अकरावीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकपर्यंत, पोचलेली पहिली मुलगी शेवंतीच. मास्तर दर जूनमध्ये भिवाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसायचे आणि तिचं आणखी एक वर्ष मागून आणायचे. ती परीक्षेला बसली तर तिच्यामागून तिची धाकटी बहीण येणार, शेजारच्या मुली येणार. नाही बसली, तर वाडी म्हणणार, बघा, इतकी वर्षं फुकट गेली. मास्तरांचा सगळा जीव त्या मार्चच्या परीक्षेवर लागला होता.

साठ ते सत्तरमधली ती शेवटची वर्षं. त्या साली मासिकात नवंच काही आलं. दीर्घिका एकट्या नसतात, त्यांचेही समूह असतात. मास्तर त्याला गोतावळा म्हणायचे. तर असल्या एका गोतावळ्यातल्या काही दीर्घिकांच्या वेण्या ताठ नव्हत्याच. दोन्ही वेण्या एकाच बाजूला मागे लोटलेल्या, शेपटीसारख्या. आणि ह्या शेपट्या मधल्या एका थोरल्या दीर्घिकेपासून लांब वळलेल्या. मासिकवाल्यांचा तर्क असा, की ती थोरली कसला तरी वारा सोडते आणि त्या वाऱ्याने बाकीच्यांच्या वेण्या उडतात.

मास्तर बेचैन. "पण बाई, वाराच कशाला हवा? मुलगी धावत सुटली तरी वेण्या मागेच जातात. कदाचित त्या गोतावळ्यात विरळ वायू भरलाय आणि दीर्घिका त्यातून धावतेय. काहीही असो, रिकामं नाही हे नक्की. पण वारा की धाव, हे नुसत्या वेणीवरून कसं ओळखायचं?"

"मला काय विचारता? मी व्याकरण शिकवते."

हे वर्गाला डोळ्यांनी दाखवायचं त्यांनी ठरवलं. संक्रांत झाली होती. सकाळी अकरावीचे दोन भाग केले. मुलींना खाडीत एक होडी दिली, तिच्यात धुमसत्या सोडणांचं, म्हणजे नारळाच्या सालांचं, मडकं. खाडीत तेव्हा वारा नसे. होडी चालली की धूर मागे जाणार. मुलगे मास्तरांबरोबर सड्याच्या, म्हणजे समुद्रालगतच्या कातळाच्या पठाराच्या, टोकावर. तिथे वारा वाहता, पण जागा स्थिर. तिथला धूरही कलणार. दोन्ही धूर सारखेच दिसणार, आणि मग मास्तर विचारणार, आता सांगा, चालतंय कोण? मी मुलींच्या सोबतीला खाडीच्या काठावर होते.

होडी शेवंतीच वल्हवत होती. धूर छान मागे लोटत होता, मुली टाळ्या पिटत होत्या. एवढ्यात सड्यावरून धुराचा लोट वर आला. मुलांनी ओल्या सोडणांवर हिरव्या झावळ्या घातल्या होत्या, म्हणून दाट, काळपट. शेवंतीचं वल्हं हवेतच थांबलं.

"बाई," ती म्हणाली, "त्यो धूर इजवूक सांगा. आताच्या आता."

आणि मी काही विचारायच्या आत तिने पाण्यात उडी टाकली, काठ गाठला आणि ओल्या परकरानिशी सड्याच्या वाटेने धावत सुटली.

त्या गावची रीत मला त्या दिवशी कळली. होड्या समुद्रात असताना सड्याच्या टोकावर हिरव्या झावळ्यांचा धूर केला, तर त्याचा अर्थ एकच: गावात कोणी गेलं आहे, असाल तसे परत या. तो धूर वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून करतात. उगाच कोणी करत नाही, पोरंसोरं खेळातसुद्धा नाही. वर गेलेले मुलगे बाजारपेठेतले आणि देवळाकडचे. त्यांतल्या एकाला ठाऊक होतं म्हणे, पण त्याला वाटलं, सरांनाही ठाऊक असेल. आणि सर टोकावर उभे राहून धूर नाकाने हुंगत होते. लांब समुद्रात एकेक शीड वळतंय, हे त्यांना कुठून दिसणार?

शेवंती पोचली आणि तिने हातांनी माती लोटून धूर दाबला. पण उशीर झाला होता. मी किनाऱ्यावर गेले तेव्हा वाडीतल्या सगळ्या बाया वाळूत उभ्या होत्या. प्रत्येकीने घरातली माणसं मोजून पाहिली होती, आणि तरी जी ती दुसरीला विचारत होती, "कोण गेला गो? कोणाच्या घरचा?" कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. होड्या वाळूला लागायच्या आधीच पुरुषांनी पाण्यात उड्या घेतल्या. जो तो आपलं माणूस शोधत धावला. सापडलं की त्याचा दंड धरून ठेवायचा, आणि पुन्हा विचारायचा, मग कोण?

कोणीच गेलं नव्हतं. हे सगळ्यांना समजलं, आणि बाया जिथल्या तिथे वाळूत बसल्या.

भिवा तांडेल शेवटी आला. त्याच्या होडीत जाळं नव्हतं. पाण्यात पसरलेलं जाळं ओढायला वेळ लागतो, म्हणून त्याने ते कापून समुद्राला सोडलं होतं. म्हातारी आई अंथरुणावर होती त्याची. तीच गेली असं धरून तो वल्ही मारत आला होता.

"धूर कोणी केल्यान?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

हेडमास्तर येऊन पोचले होते, ते पोरांवर ढकलायच्या बेतात होते. मास्तरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. "मी केला. मला रीत ठाऊक नव्हती. पण ठाऊक करून घ्यायला हवी होती."

भिवाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तसाच ओल्या अंगाने रवळनाथाच्या देवळात गेला. वाडी त्याच्या मागून. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने बोलायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार भरायचा. हुंकार पडला की शब्द बांधला गेला. भिवा म्हणाला, "बा देवा म्हाराजा, जोपर्यंत त्यो मास्तर ह्या शाळेत आसा, तोपर्यंत माझा चेडू त्या शाळेची पायरी चढाचा नाय." आणि सगळे सवयीने बोलून गेले, "व्हय म्हाराजा." चेडू म्हणजे मुलगी, मग थोरली काय नि धाकटी काय. शेवंती दाराशी उभी होती. तिच्या हाताला धूर दाबताना फोड आले होते.

शाळेतली चाचणी दिल्याशिवाय हेडमास्तर कोणालाही मालवणला परीक्षेला पाठवत नसत. म्हणजे शाळेची पायरी नाही, तर परीक्षाही नाही. शेवंतीचं बाक रिकामं राहू लागलं. मास्तर हजेरी घेताना तिथे थांबायचे. त्या दिवसांत त्यांच्या तोंडून ते लाडकं वाक्य आलं नाही.

आठवडा गेला आणि भिवाचा राग उतरला. आई जिवंत होती, मुलगी घरात रडत होती, माणूस दगडाचा नव्हता. पण देवापुढे बोललेला शब्द गिळायचा कसा? त्याने गुरवाला सांगून कौल लावला: शब्द मागे घेऊ का? देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्यासमोर वाडी श्वास धरून बसली. मीही गेले होते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या दिवशी मी त्या उजव्या कळीकडे टक लावून बसले होते, पड बाई, पड.

डावी पडली.

भिवा तोंड झाकून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी राजीनामा दिला.

मी व्हरांड्यात गाठलं त्यांना. भांडायलाच गेले होते. "मास्तर, शहाणे आहात की कोण? एका मुलीपायी नोकरी सोडता? बाकीच्या मुलांचं काय?"

"बाकीच्यांना पुस्तक पुरेल, बाई. तिला शाळा लागेल."

"अहो, पण चूक एवढीशी."

"जाळं एवढंसं नव्हतं," ते म्हणाले.

मला रडू आलं. त्यांना दिसणार नाही म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

शेवंती शाळेत परत आली. आणि मास्तर कुठे गेले म्हणाल, तर थेट भिवाच्या मांगरात. मांगर म्हणजे जाळी, वल्ही ठेवायची झोपडी. तिथे जाऊन म्हणाले, "तुमचं जाळं मी विणून देणार. पावसाच्या आधी पुरं करतो." भिवाने लाकडी सुई आणि सुताचा गुंडा त्यांच्यापुढे टाकला आणि पाठ फिरवून बसला. वाडी हसली, बाजारपेठ हसली. पांढरपेशा माणूस मच्छीच्या वासात बसून गाठी मारतो, कोणाला हसू येणार नाही? डोळ्यांचं काम नव्हतं, बोटांचं होतं, एवढंच त्यांच्या पथ्यावर पडलं. पण गाठी सैल. मास्तर जेवायला गेले की भिवा त्यांच्या गाठी सोडायचा आणि पुन्हा मारून ठेवायचा. त्यांना कळू देत नसे. हे मला शेवंतीने सांगितलं.

शाळा सुटली की शेवंती मांगरात यायची, जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मास्तर विणता विणता विचारायचे, "उष्णता वहनाने कशी जाते?" ती सांगायची. गाऱ्हाण्यात शाळा म्हटलं होतं. मांगराचं नाव कोणी घेतलं नव्हतं. भिवा पाठमोरा बिडी ओढत सगळं ऐकायचा.

एकदा मी शेवंतीच्या वह्या घेऊन गेले होते. मास्तर तिला तीच वेण्यांची गोष्ट सांगत होते, गोतावळ्यातली, अर्धी राहिलेली. अचानक पाठमोऱ्या भिवाने विचारलं, "मास्तरानू, मगे ती धावता, काय थंय वारो आसा?"

कित्येक दिवसांत तो त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

मास्तरांनी सुई खाली ठेवली, चष्मा पुसला. "ठाऊक नाही. विलायतेतल्या लोकांनाही अजून नक्की ठाऊक नाही."

"तुमका ठाऊक नाय, तर चेडवाक कित्याक शिकयतात?"

"ठाऊक असलेलं शिकवायला मी कशाला हवा, भिवा? ते पुस्तकात आहे."

भिवाने बिडी विझवली. मग वळून बसला, त्यांच्याकडे तोंड करून. त्या दिवसापासून तो गाठी त्यांच्या समोरच सोडायचा आणि कशी मारायची ते दाखवायचा.

चाचणी झाली, मार्च आला, शेवंती मालवणला जाऊन परीक्षा देऊन आली. पुढचं आत्ताच सांगून टाकते: ती पास झाली, कॉलेज केलं आणि विज्ञानाचीच मास्तरीण झाली. पुष्कळ वर्षांनी तिनेच मला कळवलं, की वारा नव्हे, धाव. गोतावळ्यात खरंच विरळ, तापलेला वायू भरलेला असतो, दीर्घिका त्यातून धावते आणि तोच तिच्या वेण्या मागे लोटतो. मास्तरांचा अंदाज बरोबर होता.

पण तेव्हा मे महिना होता, निकाल लागायचा होता. जाळं पुरं झालं होतं. भिवा त्यांना थांबवायला एवढंच म्हणाला, "मास्तरानू, रवा." मास्तर म्हणाले, "तुझी धाकटी जूनमध्ये आठवीत येणार ना?" भिवाची मान खाली गेली. मास्तर शाळेत परतले तर तो शब्द धाकटीलाही बांधणार होता. मास्तरांनी घाटावरच्या एका शाळेत जागा धरली.

पावसाआधीची शेवटची बोट. मला भावाकडे मुंबईला जायचं होतं, मास्तरही मुंबईतल्या मित्राला भेटून पुढे घाटावर जायचं म्हणून त्याच बोटीने निघाले होते. मालवण सोडलं, बोट किनाऱ्याने उत्तरेला लागली. आम्ही कठड्याशी उभे होतो. काही वेळाने आमचा सडा दिसायला लागला.

"मास्तर, सड्याच्या टोकावर धूर आहे."

त्यांनी कठडा घट्ट धरला. "कोण गेलं?" भिवाच्या अंथरुणावरच्या आईचं नाव त्यांच्या मनात आलं हे मला समजलं, कारण माझ्याही आलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, चढवला, पुन्हा पुसला. काही उपयोग नव्हता. "दाट आहे?"

"दाट. हिरव्या झावळ्यांचा."

"कुठे कललाय?"

"आपल्या बोटीचा धूर जातोय तिकडेच."

"होड्या बघा, बाई. वळल्या का?"

मी पाहिलं. समुद्रावर एकही शीड नव्हतं. वाळूवर होड्या ओळीने वर काढलेल्या, पावसासाठी शाकारलेल्या. "पाण्यात एकही होडी नाही, मास्तर. सगळ्या वर आहेत."

"सगळ्या? मग धूर कोणासाठी?"

वर्गात प्रश्न टाकावा तसा त्यांनी विचारला. मला उत्तर येत होतं, पण ते त्यांनीच काढायचं होतं.

"टोकावर कोण आहे?"

"दोन माणसं," मी म्हटलं. "एक उंच. एक बारीक."

मग मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या भाषेत, हळू आवाजात म्हणाले, "बाई, माका बोलावतत."

बोट काही थांबणार नव्हती. तिला त्या धुराचं काय. मास्तरांनी हात उंच केला आणि धरून ठेवला. पण सडा कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं, हात भलत्याच बाजूला, उघड्या समुद्राकडे होता. मी त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना किनाऱ्याकडे वळवलं.